पांढऱ्या केसांचा दुष्काळ

पाखरमामांना कोणी विचारलं, "मामा, तुम्ही नेमकं काय करता हो?" तर ते सांगत, "बघतो." समोरचा पुढचं काही येईल म्हणून थांबून राही. पुढचं काही येत नसे. कारण वनखातं मामांना खरोखरच बघण्याचा पगार देत होतं.

गावाला लागून जे जुनं रान होतं, त्यात पिवळकानी नावाचं पाखरू उरलंसुरलं होतं. चिमणीहून अंमळ मोठं, राखी अंगाचं, आणि कानाशी कोणी रंगाचं बोट पुसावं तसा पिवळा ठिपका. पोकळ ढोलीची म्हातारी झाडं तुटत गेली तशी पिवळकानीही आटत गेली. ती संपायच्या आत तिच्यावर नजर ठेवायला खात्याने मामांना नेमलं. ढोलीच्या झाडाला पत्र्याचा पट्टा ठोकायचा, म्हणजे मांजर आणि साप वर चढत नाहीत. काठीच्या टोकाला आरसा बांधून घरट्यात डोकावायचं. पिल्लांच्या पायांत रंगीत कडी चढवायची, म्हणजे पुढे कोण कोणाचं ते ओळखता येतं. आणि उरलेला सगळा वेळ लपणात, म्हणजे गोणपाट आणि फांद्यांनी झाकलेल्या लाकडी खोक्यात, दुर्बीण लावून बसायचं.

बघण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. पाखराने मान कलती केली तरी त्यांना त्याचा मूड कळे. संध्याकाळी घरी येऊन, चपला काढता काढता ते मामींना बातमी देत, "अगं, त्या निळ्या कडीवाल्याच्या शेपटीतलं बाहेरचं पीस गळलं आज."

"हो का?" मामी म्हणत. "स्वयंपाकघरातला नळही गळतोय. महिना झाला."

"डावीकडचं," मामा सांगत. पीस म्हणायचं असे त्यांना.

तर अशा या मामांवर त्या वसंतात मोठंच संकट आलं.

रानात जोडीने राहणारी, अंडी घालण्याच्या वयाची मादी एकच उरली होती. बाकी सगळे नर, सडेफटिंग, दिवसभर फांदीवर बसून गळा काढणारे. या एकुलत्या एक मादीला मामा बाईसाहेब म्हणत. ती पिल्लू असताना तिच्या पायात लाल कडी मामांनीच चढवली होती आणि तिने त्याच वेळी त्यांच्या अंगठ्याला जी चोच मारली होती, तिचा वण ते आल्यागेल्याला दाखवत. बाईसाहेबांनी यंदा ढोली निवडली, काटक्या रचल्या, वर मऊ साल गुंडाळली आणि तिथेच काम थांबवलं. आत अस्तर पडेना. आणि अस्तराशिवाय पिवळकानी अंडं घालत नाही.

अस्तराला तिला लागत पांढरे केस. रानाच्या नाक्यावर एका म्हातारीची पांढरी घोडी असे, तिचे गळलेले केस वेचून बाईसाहेब आजवर संसार थाटत आल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात घोडी मेली आणि म्हातारी लेकीकडे, दूर परगावी राहायला गेली. गावात पांढऱ्या शेळ्या होत्या, पांढरी कुत्री होती. पण त्यांच्या पाठीवर गोचिडाचं औषध चोळलेलं असे. मागच्या साली दुसऱ्या एका जोडीने तसले केस घरट्यात नेले होते आणि त्या घरट्यातलं एकही पिल्लू जगलं नव्हतं. म्हणून तो विषय बंद. मामांनी कापूस ठेवून पाहिला. बाईसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मामांनाच ओशाळल्यासारखं झालं. काथ्या ठेवला, तो तिने खाली ढकलला. तिचा नवरा बिचारा एक दिवस कुठूनशी प्लॅस्टिकची दोरी घेऊन आला. पुढचा तासभर तो शेजारच्या झाडावर मान खाली घालून बसला होता.

साहेबांनी हे ऐकलं आणि निर्णय घेऊन टाकला. साहेब म्हणजे रानाचे अधिकारी, नीटस भांगाचे, नीटस बोलण्याचे.

"शुक्रवारी शहरातल्या पक्षीकेंद्राची गाडी येईल," ते म्हणाले. "जोडी पकडून नेऊ. पिंजऱ्यात निदान जगतील तरी."

"साहेब, ही गेली तर रानात मागे काय राहील? नुसते सडे?"

"मग शुक्रवारच्या आत अस्तर दाखवा. घरटं भरलेलं दिसलं की नियमाप्रमाणे मला हातच लावता येणार नाही. गाडी आल्या पावली परत."

मामांची झोप उडाली. त्यांनी गोदामातली बाईसाहेबांची जुनी घरटी काढली आणि चिमट्याने उसवली. घोडीच्या जाड केसांत त्यांना काही बारीक, लांबट, पांढरे केस सापडले. ते घोडीचे नव्हते. घोडीच्या मालकिणीचे होते. म्हातारी नाक्यावर उन्हात केस विंचरत बसे आणि गुंतवळ वाऱ्यावर सोडून देई. मामांनी मांडीवर थाप मारली. माणसाचे चालतात की! मग काय, गावात पांढऱ्या केसांना काय तोटा?

तोटा आहे, हे त्यांना वस्तादाच्या दुकानात कळलं. वस्ताद म्हणजे गावचा न्हावी. मामांचं त्याच्याकडे जाणं तसं कमीच, कारण मामांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता. त्यामुळे मामा दारात दिसताच वस्ताद कात्री थांबवून म्हणाला, "काय मामा, वाट चुकलात?"

"पांढरे केस पाहिजेत. मूठभर. तेल न लावलेले, कलप न लावलेले."

खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक एकदम टॉवेलात खाली सरकलं. वस्तादाने मामांना बाहेर पायरीवर नेलं.

"मामा, दुकानात असं मोठ्याने बोलायचं नाही. माझा धंदा बसेल."

"अरे पण एवढे साठीचे लोक येतात तुझ्याकडे!"

"येतात ना. पांढरे येतात आणि काळे जातात. मागच्या बाजूला पडदा कशाला लावलाय मी? या गावात म्हातारपण राहिलंय कुठं? वरपासून खालपर्यंत सगळं गाव पंचविशीचं आहे." मग त्याने आवाज आणखी खाली आणला. "आणि तुम्ही माझ्याकडे कशाला आलात? घरी विचारलंत का?"

"घरी? कोणाला, हिला?" मामा हसले. "हिचे केस काळेभोर आहेत रे, लग्नात होते तसे."

वस्तादाने तोंड उघडलं, मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं. "बरं बरं," म्हणत तो आत गेला आणि गिऱ्हाइकाच्या मानेवर गरजेपेक्षा जास्त पावडर मारू लागला.

मामांनी मग मोर्चा वळवला मास्तरांकडे. निवृत्त मास्तरांचे केस शुभ्र होते, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मास्तर खूश झाले. "शेवटी पिकलेल्या डोक्याची किंमत कळली कोणाला तरी!" म्हणत त्यांनी स्वतःच कात्री आणून दिली. मामांनी ते केस जाळीच्या पिशवीत भरून ढोलीजवळच्या फांदीला टांगले आणि लपणात जाऊन बसले. बाईसाहेब आल्या. एक केस ओढला, उजेडात धरला, टाकून दिला. दुसरा ओढला, टाकून दिला. मामांनी दुर्बीण नीट लावली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, केसांवर निळसर झाक होती.

"मास्तर, तुम्ही केसांना काही लावता का?"

"छे, छे! कलप माणसाच्या चारित्र्याला शोभत नाही," मास्तर म्हणाले. मग मागच्या दोरीवर वाळणाऱ्या आपल्या सदऱ्यांकडे पाहत जरा चाचरले. "आंघोळीच्या पाण्यात कपड्यांची नीळ टाकतो थोडी. जरा उठून दिसतात."

आता दोनच दिवस उरले होते आणि मामा गावात जिकडे तिकडे लोकांच्या डोक्यांकडे बघत फिरू लागले. बघणं हाच धंदा असल्याने त्यांना चोरून बघता येत नसे. ते थांबून, मान कलती करून, भांगाच्या मुळाशी नजर लावून बघत. बँकेच्या रांगेत त्यांच्या पुढच्या बाईने दोनदा मागे वळून पाहिलं आणि तिसऱ्यांदा जागाच सोडली. ऊन चढलेलं असताना बाजारात लोकरी टोप्या दिसू लागल्या. मामा समोरून येताना दिसले की भलेभले रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला जात. एकाने तर ओळख दाखवायच्या आधीच सांगून टाकलं, "मामा, आमच्याकडे हे आनुवंशिक आहे. आजोबांचेही शेवटपर्यंत काळेच होते."

साहेबांसमोर तर मामांची पंचाईतच झाली. कामाचा अहवाल तोंडी देता देता मामांचे डोळे आपसूक साहेबांच्या भांगाकडे गेले. काळ्याभोर केसांच्या मधोमध, मुळाशी, पांढरी रेघ होती. बारीक, पण मामांपासून काय सुटणार? मामा बोलायचे थांबले.

"काय बघताय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. वाढ चांगली आहे."

"कशाची?"

"रानाची," मामा म्हणाले आणि पाठ न वळवता, उलट पावली खोलीबाहेर आले.

त्या संध्याकाळी मामा घरी येऊन ताटावर बसले ते कपाळाला हात लावूनच. मामी समोर बसल्या होत्या. दोघांच्या मधोमध, डोक्यावर, दिवा लख्ख जळत होता.

"संपलं सगळं," मामा म्हणाले. "परवा गाडी येणार. गाव पालथं घातलं. एक पांढरा केस नाही गावात."

मामींचा हात घासावरच थांबला. "एकही नाही?"

"एकही नाही."

"नीट बघितलंत?"

"मला विचारतेस, नीट बघितलं का? अगं, माझा धंदाच तो!"

मामींनी मामांच्या ताटात वाढायचं होतं ते वाढलं, पण पळी पातेल्यावर जरा जोरात आपटली. मामांना वाटलं, बाईसाहेबांचं दुःख हिलाही झालेलं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी मामा डबा विसरून रानात गेले. असे विसरत नसत. पण मन थाऱ्यावर नव्हतं. दुपारी लपणात बसले असताना त्यांना बाईसाहेब ढोलीतून अचानक बाहेर येताना दिसल्या. फांदीवर बसल्या, मान ताणली, खाली वाटेकडे पाहू लागल्या. तुरा उभा, पंख अर्धे सुटलेले. हे लक्षण मामांना पाठ होतं. काहीतरी आवडलेलं दिसलं की बाई अशा होत. मामांनी दुर्बीण वाटेकडे फिरवली.

वाटेवरून एक बाई येत होती. हातात डबा. ऊन नेमकं तिच्या डोक्यावर होतं आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना, मुळापासून चांगली तीन बोटं, केस चंदेरी पांढरे होते. त्याखाली काळी वेणी. काय सुंदर पांढरे, मामांच्या मनात आलं. ना तेल, ना नीळ. कोण ही बाई? गावात असूनही आपल्या नजरेतून सुटली कशी? कोणाच्या घरची असेल? हात जोडून मागू, नाही म्हणणार नाही.

मग त्यांनी दुर्बीण जरा खाली केली आणि चेहरा दिसला.

मामांच्या हातातून दुर्बीण सुटली, ती गळ्यातल्या पट्ट्याला लोंबकळत राहिली. तेवढ्यात बाईसाहेब फांदीवरून सुटल्या त्या सरळ मामींच्या डोक्यावर उतरल्या, भांगाशेजारचा नवा उगवलेला एक आखूड केस चोचीत धरला, पाय रोवले आणि मागे झुकून ओढला.

"अगंबाई! अहो! अहो, काय आहे हे?"

"हलू नकोस!" मामा लपणातून ओरडले. उभ्या आयुष्यात ते रानात ओरडले नव्हते.

केस निघाला. बाईसाहेब तो घेऊन ढोलीत शिरल्या आणि बाहेर फेकायला परत आल्या नाहीत. मामा लपणातून रांगत बाहेर आले. गुडघ्यांवरच होते अजून.

"तुझे केस पांढरे आहेत."

"कळलं?" मामी डोकं चोळत म्हणाल्या. "पाखराने सांगितलं तेव्हा कळलं?"

"पण कधीपासून?"

"कलप लावत होते ते दहा वर्षं. ते तुम्हाला कधी कळलंच नाही. मागच्या थंडीत म्हटलं, सोडून देऊ, बघू तरी यांना दिसतं का. सगळ्या गावाला दिसलं. वस्ताद मला म्हणाला, वहिनी शोभतंय हो. दूधवाला म्हणाला. आणि तुम्ही रोज समोर बसून कोणाच्या शेपटीचं पीस गळलं ते सांगताय!"

"डोळ्यासमोर असलं की..." मामा चाचरले.

"की दिसत नाही. माहीत आहे मला. आता बोला, माझ्यात आणखी काय बदललंय?"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मामींकडे खालून वर, वरून खाली पाहिलं. एवढ्या जवळून बघायची त्यांना सवय नव्हती. "चपला नव्या आहेत?"

"जुन्याच आहेत."

"चष्मा! चष्मा आलाय तुला."

"चार वर्षं झाली चष्म्याला."

"चार...?"

"आणि पुढचा एक दात पडला, तिथं नवा बसवलाय. तुम्ही तेव्हा आरसा आणि काठी घेऊन कुठल्याशा ढोलीत डोकावत होतात." मामींनी डबा त्यांच्या हातात दिला. "केस पाहिजेत ना?"

"पाहिजेत," मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक, पाखरासारखा झाला होता की वरचे सडे नर गायचे थांबले. "नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही. पण उद्या गाडी येणार गं."

मामी ढोलीकडे पाहत होत्या. बाईसाहेब दाराशी येऊन पुन्हा त्यांच्या डोक्याकडे बघत होत्या, अगदी टक लावून, डोळा न मिटता. मामींनी नकळत भांगावरून हात फिरवला. इतकं निरखून त्यांच्याकडे कोणी पाहिल्याला बराच काळ लोटला असावा.

"चला वस्तादाकडे," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत मास्तरांच्या घरापुढून चला. बघू देत त्यांनाही, नीळ न लावता कसे असतात ते."

वस्तादाने पडदा ओढायला हात घातला तशा मामी म्हणाल्या, "राहू दे उघडा." दुकानाबाहेर बघ्यांची ही गर्दी. वस्तादाने आधी काळी वेणी उतरवली, ती बाजूला ठेवली. मग पांढऱ्यातलं बोटभर कापून स्वच्छ कागदावर घेतलं, एखादा सोनार तुकडे वेचतो तसं. मामींच्या डोक्यावर आता आखूड, चंदेरी, उभे केस उरले होते. त्यांनी आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं.

"कशी दिसते?" त्यांनी मामांना विचारलं.

मामा जिवाच्या कराराने बघत होते. पण त्यांना पाखरांखेरीज कोणाचं कौतुक करता येत नसे. "तुरा चांगला आलाय," ते म्हणाले. वस्तादाने हसू दाबायला खोकला काढला. मामींनी मात्र मान वळवून आरशात पुन्हा एकदा पाहिलं.

शुक्रवारी सकाळी पक्षीकेंद्राची गाडी नाक्यावर येऊन उभी राहिली. एका माणसाच्या मापाच्या लपणात तीन माणसं कोंबली होती: मामा, मामी आणि डोक्यावर टोपी घट्ट ओढलेले साहेब. समोर फांदीला जाळीची पिशवी, तिच्यात मामींचे धुऊन वाळवलेले केस.

"जरा तिकडे सरका," साहेब कुजबुजले.

"तिकडे खांब आहे, साहेब."

बाईसाहेब आल्या. पिशवीवर बसल्या, एक चोचभर ओढलं आणि ढोलीत. परत आल्या, परत चोचभर. चौथ्यांदा मात्र त्या ढोलीतून बाहेर आल्या त्या चोचीत एक केस घेऊन, आणि तो त्यांनी लांब झटकून टाकला.

"का टाकला?" मामी ताठ झाल्या. "काय खोट दिसली तिला माझ्या केसात?"

"हळू बोल."

"तुम्ही नीट धुतले नसतील."

पाचव्या खेपेला पुन्हा एक केस बाहेर आला. मामींचा चेहरा लाल झाला. त्या दार लोटून बाहेर निघाल्या होत्या, बाईसाहेबांना जाब विचारायला. साहेबांनी त्यांना पदराला धरून खाली बसवलं आणि लगेच हात असा मागे घेतला की कोपर मामांच्या बरगडीत बसलं. मामांनी कळ गिळून दुर्बीण रोखली आणि खाली गवतात पडलेला केस शोधून काढला.

"टोकाला काळं राहिलंय त्याच्या," ते म्हणाले. "वस्तादाच्या नजरेतून सुटलं. तेवढेच निवडून टाकतेय ती."

"म्हणजे तिला कलप कळतो?" साहेबांनी विचारलं.

"लांबूनही कळतो."

साहेबांनी टोपी आणखी खाली ओढली.

मग बाईसाहेब बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मामा सरपटत झाडापाशी गेले, काठीचा आरसा वर नेला. आत काटक्या, त्यावर साल, सालीवर पांढरीशुभ्र गोल वाटी, आणि तीत बाईसाहेब छाती टेकवून गोल गोल फिरत होत्या, वाटीला आपल्या अंगाचं माप देत. आरसा दिसताच त्यांनी त्यालाच एक चोच मारली. मामा परत आले. त्यांनी मान डोलावली.

साहेब उठले, खांबावर डोकं आपटून घेतलं आणि गाडी परत पाठवायला नाक्याकडे गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, खात्यातर्फे आभार. हे अहवालात कसं लिहायचं ते बघतो."

"अहवालात माझं वय लिहू नका म्हणजे झालं," मामी म्हणाल्या.

लपणात दोघंच उरली. मामी दुर्बीण लावून बसल्या होत्या. मामांनी हात पुढे केला.

"दे ना जरा."

"थांबा. माझे केस आहेत ते."

"थोडा वेळ गं. ती शेपूट वर करून बसलीय की खाली, तेवढंच बघायचंय."

"खाली. मी बघतेय ना."

मामांनी वाट पाहिली. दुर्बिणीशिवाय ढोली म्हणजे झाडावरचा नुसता काळा ठिपका. त्यांनी गोणपाटाची शिवण पाहिली, खांब पाहिला, शेवटी बघण्यासारखं शेजारी होतं तेच बघू लागले. वेणी गेल्याने मामींची मान पहिल्यांदाच उघडी पडली होती.

"तुझ्या मानेवर तीळ आहे," मामा म्हणाले.

"जन्मापासून आहे. गप्प बसा, ती उडेल."

मामा गप्प बसले. थोड्या वेळाने आणखी जरा पुढे वाकून म्हणाले, "दोन आहेत."